हात लावू नकोस

शनिवार, रात्र

घर आणि पाणी तापवणारा गॅसचा बॉयलर आज पहाटे बंद पडला, आणि त्यावर धाकट्या मुलाने फोनवर म्हटलेले वाक्य दिवसभर मनातून जात नाही. "आई, तू त्याला हात लावू नकोस, मी माणूस पाठवतो." यात वाईट वाटून घेण्यासारखे काय आहे, असे मी स्वतःला सकाळपासून समजावते आहे. त्याच्या आवाजात राग नव्हता, घाई होती, आणि घाईच्या मागे काळजी होती हेही मला कळते. तरीही ते वाक्य लागले. आता घर पुन्हा उबदार झाले आहे, जेवण झाले आहे, पण झोप येण्याचे चिन्ह नाही, म्हणून लिहायला बसले.

काल रात्री लीड्समध्ये पारा उणे 6 पर्यंत उतरला. पहाटे जाग आली तेव्हा जिन्यातल्या, घराचे तापमान राखणाऱ्या थर्मोस्टॅटवर 13 दिसत होते आणि बॉयलरच्या गरम पाण्याने खोल्या तापवणारे रेडिएटर भिंतीइतकेच गार होते. स्वयंपाकघरातले कपाट उघडले तर बॉयलरच्या पडद्यावर एक अक्षर आणि दोन आकडे लुकलुकत होते. नळाला गरम पाणी नाही. ह्यांचा जाड स्वेटर अंगात घालून मी धाकट्याला फोन केला, आणि त्याने मला पुढे काही बोलूच दिले नाही. सोमवारी दुपारची वेळ त्याने तिथल्या तिथे घेऊन टाकली आणि तोवर मोठ्या सुनेकडे जाऊन राहा म्हणाला.

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ स्वयंपाकघरात नुसती बसून राहिले. या देशात उभा जन्म काढला, याच घरात मुले वाढवली, आणि घराची ऊब ज्या एका यंत्रावर अवलंबून आहे त्याच्याजवळ जाण्याची मला मनाई. साताऱ्याच्या घरी परसात तांब्याचा बंब होता. शाळकरी वयात पहाटे उठून काटक्या आणि गोवऱ्या घालून तो मीच पेटवत असे आणि सगळ्या घराची अंघोळ त्यावर होत असे. तेव्हा मला कोणी हात लावू नकोस म्हटले नाही. माणूस जसजसा वयाने वाढतो तसतसा त्याच्यावरचा इतरांचा विश्वास कमी होत जातो की काय, असा विचार मनात आला आणि डोळे भरून आले. ह्यांच्या मागे हे सगळे असेच होत जाणार, असेही वाटून गेले. ते आज लिहीत नाही.

मग मी विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. बराच वेळ संगीत ऐकल्यावर एक बाई बोलल्या, आवाजावरून तरुण वाटल्या. त्यांनी आधी विचारले की गॅसचा वास येतो आहे का आणि कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म वाजतो आहे का. दोन्ही नाही म्हटल्यावर त्यांनी गॅसची शेगडी पेटते का ते पाहायला सांगितले. ती पेटत होती, म्हणजे घरात गॅस येत होता. बॉयलरमधल्या पाण्याच्या दाबाचा काटा कुठे आहे, त्यांनी विचारले. तो 1.2 बारवर होता, आणि थंड बॉयलरला 1 ते 1.5 योग्य असतो हे ह्यांच्या वहीतही लिहिलेले आहे. थर्मोस्टॅटची बॅटरी ठीक होती. यानंतर त्या म्हणाल्या, "तो सुरू व्हायचा प्रयत्न करतो तेव्हा तुम्हाला आवाज कसा येतो, ते मला सांगाल का?"

या प्रश्नाने मला इतके का हलवले ते मी संध्याकाळपासून शोधते आहे. एका अनोळखी बाईने मला काय ऐकू येते ते विचारले, आणि माझ्या मुलाने विचारले नाही, एवढेच खरे तर झाले. पण तिच्या प्रश्नात हे गृहीत होते की त्या घरात एक माणूस आहे, त्याला कान आहेत, डोळे आहेत, आणि त्या कानाडोळ्यांना जे कळते ते फोनच्या पलीकडे बसलेल्या कोणालाही कळणार नाही. धाकट्याच्या वाक्यात ते घर जणू रिकामे होते.

मी कपाटाशी कान लावून उभी राहिले. आधी पंख्याची घरघर, मग ठिणगीची टिकटिक, मग काहीतरी पेटल्यासारखे, आणि लगेच पाण्याचे गुळगुळणे, जसे तोटी असलेल्या भांड्यातून पाणी ओतताना होते तसे. त्यानंतर शांतता आणि पुन्हा तेच आकडे. मी हे सांगितले तसे त्या म्हणाल्या की त्यांना वाटते बॉयलर धड आहे, त्याची पाणी बाहेर सोडणारी नळी गोठली असणार.

हे मला माहीत नव्हते आणि आता माहीत झाल्यावर फार बरे वाटते आहे, म्हणून नीट लिहून ठेवते. गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते. जुन्या बॉयलरमध्ये ती वाफ आपल्यातली उष्णता घेऊन धुराड्यातून निघून जाई. नव्या बॉयलरमध्ये रेडिएटरमधून परत येणाऱ्या कोमट पाण्याच्या साहाय्याने ती वाफ आतच निववतात, तिचे पाणी होते आणि वाफेतली उष्णता घराला मिळते. 2005 पासून इंग्लंडमध्ये बहुतेक सगळे नवे गॅस बॉयलर असेच बसवावे लागतात. ते निवलेले पाणी किंचित आंबट असते, म्हणून त्याची नळी तांब्याची न ठेवता प्लॅस्टिकची ठेवतात, आणि ती मोरीकडे किंवा बाहेरच्या गटाराकडे नेतात. बाहेर नेलेल्या नळीत कडाक्याच्या थंडीत बर्फाचे बूच बसते, पाणी मागे साचत बॉयलरच्या पोटात चढते, आणि ज्योत टिकत नाही.

ज्योत टिकली नाही हे यंत्राला कळते कसे, तेही कपाटातल्या पुस्तिकेत वाचले. ज्योतीतून अतिशय सूक्ष्म वीजप्रवाह जाऊ शकतो, आणि ज्योतीत बुडालेली धातूची एक बारीक काडी तो सतत मोजत असते. प्रवाह मिळाला तर ज्योत आहे, नाही मिळाला तर त्याच क्षणी गॅसची झडप बंद. थोडे प्रयत्न करून झाले की यंत्र स्वतःला कुलूप लावून घेते, आणि कोणीतरी कारण दूर करून रीसेटचे बटण दाबेपर्यंत उघडत नाही. सकाळी मला वाटले होते की बॉयलर बिघडला. प्रत्यक्षात न जळलेला गॅस घरात साठू नये म्हणून तो थांबला होता, आणि जे करण्यासाठी त्याला घडवले आहे तेच त्याने केले होते.

इथून माझ्या मनाचा रंग बदलत गेला. त्या बाईंनी एक सीमा फार स्पष्ट करून सांगितली. बॉयलरचे झाकण उघडायचे नाही, ते काम कायद्याने गॅस सेफ, म्हणजे गॅसची कामे करणाऱ्यांची अधिकृत नोंदणी असलेल्या माणसाचेच. शिडीवर चढायचे नाही. उकळते पाणी वापरायचे नाही, कारण नळी तडकते आणि हात भाजतो. पण जमिनीवर उभे राहून जी नळी हाताला येते तिच्यावर गरम पाणी ओतणे हे घरात राहणाऱ्या कोणीही करावे असे काम आहे. एकाच यंत्राचा एक भाग माझ्यासाठी निषिद्ध आणि दुसरा भाग माझा, आणि दोन्हींच्या मध्ये एक पत्र्याचे झाकण. हे कोणी असे सांगितले तर मला त्या मनाईचे यत्किंचितही वाईट वाटत नाही. धाकट्याने सगळ्यालाच एकदम हात लावू नकोस म्हटले, तिथे ते टोचले.

नळी स्वयंपाकघराच्या उत्तरेकडच्या भिंतीतून बाहेर येते, आणि त्या भिंतीवर नोव्हेंबर ते फेब्रुवारी ऊन पडत नाही. पांढऱ्या रंगाची, माझ्या अंगठ्याहून किंचित जाड, भिंतीला धरून उतरते, गुडघ्याच्या उंचीवर एक वळण घेते आणि गटाराच्या जाळीवर संपते. तिच्या तोंडाशी बर्फाची जीभ बाहेर आली होती, दुधी आणि टोकाशी चपटी. शेगडीवर पाणी तापवले, हाताला सोसेल इतके निववले आणि बागेच्या झारीने वळणापासून खाली हळूहळू ओतत राहिले. आधी काहीच झाले नाही. मग आत कुठेतरी गटकन आवाज झाला, ती जीभ सुटून जाळीवर पडली आणि मागून पाण्याचा मोठा लोंढा आला. फरशीवर सांडलेले पाणी पुन्हा गोठू नये म्हणून मीठ टाकले, आत आले आणि बटण दाबून धरले. पंखा, टिकटिक, आणि मग ज्योतीचा तो एकसारखा मंद घुमारा. जिन्यातला रेडिएटर आधी एका कोपऱ्यात तापला आणि मग सगळा.

मला राग यायचा असेल तर तो ज्याने ही नळी बसवली त्याच्यावर यायला हवा. डिसेंबर 2010 मध्ये, शंभर वर्षांतल्या सर्वांत थंड डिसेंबरात, या देशात अशा असंख्य नळ्या गोठल्या होत्या. आमच्याकडे तेव्हा जुना, उष्णता वाया घालवणारा बॉयलर होता, त्याला अशी नळीच नव्हती, म्हणून आमचे घर गरम राहिले आणि शेजारची मंडळी आमच्याकडे चहाला येऊन बसली. तो धडा सगळ्यांना मिळालेला असताना त्यानंतर कित्येक वर्षांनी उत्तरेच्या भिंतीवर बारीक नळी उघडी सोडायची, हे मला समजत नाही. शक्य तिथे ती घराच्या आतूनच न्यावी, आणि बाहेर न्यावीच लागली तर जाड घ्यावी आणि तिच्यावर आवरण चढवावे, एवढी साधी गोष्ट आहे.

संध्याकाळी धाकट्याला कळवले. तो आधी गप्प झाला. मग म्हणाला, "तू बाहेर बर्फात एकटी गेलीस? पडली असतीस म्हणजे?" तेव्हा मला कळले की त्याच्या डोळ्यांसमोर बॉयलर नव्हताच, निसरड्या फरशीवर पडलेली मी होते.  इतक्या दूर बसून ज्याला काही दिसत नाही तो दुसरे काय म्हणणार? मला त्याचे वाक्य अजूनही आवडत नाही, पण ते कुठून आले ते दिसते आहे. मी त्याला तेच सांगितले, की मला थांबवण्याआधी इथे काय दिसते आहे ते एकदा विचारत जा, मग थांबव, मी ऐकेन. तो बरे म्हणाला. आणि मग त्याने विचारले, "ती नळी जाते कुठून?" त्यानंतर आम्ही बराच वेळ भिंती, मोरी आणि उतार यांवर बोललो, फार दिवसांनी इतका वेळ बोललो.

सोमवारचा माणूस रद्द केलेला नाही, फक्त काम बदलले आहे. नळी आतून नेऊन स्वयंपाकघरातल्या सिंकच्या निचऱ्याला जोडता येईल का, हे त्याला पहिल्यांदा विचारायचे. भिंत आणि सिंक यांत फार अंतर नाही, त्यामुळे जोडता यावे असे वाटते. नाहीच आले तर बाहेरचा भाग 32 मिलिमीटरचा करून वर पावसात न भिजणारे आवरण घालायचे. आताची नळी शिवणाच्या टेपने मोजली, घेर पावणेसात सेंटिमीटर भरला, म्हणजे जाडी साडेएकवीस मिलिमीटरच्या आसपास. त्या माणसाचे नोंदणीचे कार्ड पाहून मगच झाकण उघडू द्यायचे. उद्या रात्रीही पारा उणे जाणार आहे, म्हणून तोवर नळीला जुनी चादर आणि वरून प्लॅस्टिक गुंडाळून दोरीने बांधले आहे, तोंड मात्र मोकळे ठेवले आहे. सोमवारी त्या वेळी फोनवर थांबतो असे धाकटा म्हणत होता. गरज नाही, संध्याकाळी सगळे सांगते, असे मी त्याला म्हटले आहे.