आमची वाटचाल : गच्चीवरच्या टबांतून

आज आम्ही फिशटँकसाठी गोगलगायी विकतो, पण आमचा मूळ धंदा पाणवनस्पतींचा. पुण्यात सिंहगड रस्त्यावर घराच्या गच्चीत प्लॅस्टिकचे टब मांडून जावा मॉस, व्हॅलिसनेरिया, अनुबियास वाढवायचं आणि फिशटँकच्या दुकानांना पुरवायचं. गोगलगायी म्हणजे तेव्हा नुसती कटकट. "ताई, झाडाबरोबर गोगलगायी फुकट दिल्यात का?" असे फोन यायचे. रॅम्सहॉर्न जातीच्या गोगलगायीची अंडी पानाच्या पाठीला पारदर्शक, बुळबुळीत ठिपक्यांसारखी चिकटलेली असतात. कितीही धुवा, एखादा पुंजका राहतोच. त्यात हा जीव उभयलिंगी, म्हणजे पैदाशीला नर-मादी शोधायचीही गरज नाही.

मग पी-पफर पाळणारं एक गिऱ्हाईक आलं. केरळच्या नद्यांतला हा नखाएवढा मासा पाकिटातल्या दाण्यांकडे सहसा ढुंकूनही बघत नाही, पण बारक्या गोगलगायी दिसल्या की तुटून पडतो. त्यांनी आमच्याकडचा सगळा 'कचरा' पैसे मोजून नेला आणि पुढच्या आठवड्याची ऑर्डरही देऊन गेले. बाजार इथेच आहे, हे तेव्हा कळलं.

पुढे मिस्ट्री स्नेल (गोगलगायीचीच दुसरी जात) आणले. सोनेरी, निळे, हस्तिदंती. यांच्यात नर-मादी वेगळे. मादी रात्री पाण्याबाहेर चढून काचेवर गुलाबी अंड्यांचा घोस लावते. सुरुवातीला तो जेलीसारखा मऊ असतो, हळूहळू कडक होतो. म्हणून टाकी काठोकाठ भरायची नाही, वर तीन-चार इंच जागा सोडायची आणि झाकण घट्ट ठेवायचं. घोस पाण्यात बुडाला की पिल्लं गेलीच. दोन-चार आठवड्यांत मोहरीएवढी पिल्लं खाली पडतात आणि उकडलेल्या दुधीवर तुटून पडतात.

धंद्याचं खरं गणित मात्र पाण्याचं. धरणाचं नळाचं पाणी मऊ, त्यात क्षार कमी. अशा पाण्यात शंखाला टोकाकडून पांढरे खड्डे पडतात. बोअरच्या पाण्यात तेच शंख गुळगुळीत राहतात. नळाचं पाणी वापरणाऱ्यांना आम्ही आयुर्वेदिक दुकानात मिळणारा समुद्रफेन (कटलफिश या समुद्री जिवाचं चुनखडीचं कवच) टाकीत ठेवायला सांगतो. हा सल्ला फुकट असतो.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरोघरी टाक्या आल्या आणि कुरिअर सुरू झालं. गोगलगायी पिशवीत पाणी भरून पाठवत नाही. ओल्या टिश्यूत गुंडाळून, हवा ठेवून डब्यात. मे महिन्यात विदर्भाच्या ऑर्डरी घेत नाही, कितीही पैसे दिले तरी. पाठवण्याआधी एक प्रश्न ठरलेला : माशांना कोणतं औषध दिलंत? तांबं असलेलं औषध माशाला मानवतं, गोगलगायीला मारतं.

नेराइट जातीची गोगलगाय घेणाऱ्यांना आधीच सांगतो की लाकडावर तिच्या अंड्यांचे पांढरे ठिपके पडतील, ते खरवडूनही लवकर जात नाहीत. पण गोड्या पाण्यात त्यातून पिल्लं होत नाहीत, त्यांना खारं पाणी लागतं. शेवाळ खाण्यात मात्र हिचा हात कोणी धरणार नाही.

एक अट आम्ही बिलावरच छापली आहे : नको झालेल्या गोगलगायी नदीत, तळ्यात सोडायच्या नाहीत. मिस्ट्री स्नेल मूळचा दक्षिण अमेरिकेतला. त्याच्याच एका भाऊबंदाने १९८० च्या दशकात फिलिपिन्समधल्या भातशेतीची वाट लावली. जास्त झाल्या तर आमच्याकडे आणून द्या, बदल्यात झाडं न्या. रॅम्सहॉर्न तर कितीही आणा; पफरवाले अजून यादीत वाट बघत थांबलेले आहेत.