गो, वेंट, गॉन आणि भांडी बाजार
(माजी विद्यार्थी, दहावी मार्च १९८९)

आमचा सातवीचा वर्ग जिन्याला लागून होता. भिंतीपलीकडे आठवीचा संस्कृतचा तास चालायचा. तिकडून ‘रामः रामौ रामाः’ ऐकू यायचं आणि इकडे आम्ही इंग्रजी क्रियापदांच्या तीन रूपांचा, तीन रकान्यांचा तक्ता ‘गो वेंट गॉन’ असा म्हणत असायचो. दोन्हींची चाल एकच. एखाद्या दुपारी दोन्ही वर्गांचा ठेका असा जुळायचा, की इंग्रजीच्या बाई खडू हातात धरून नुसत्या ऐकत उभ्या राहायच्या.

तेव्हा मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असे; पहिलीपासून आलं ते २००० साली. म्हणजे १९८३ च्या जूनमध्ये आम्ही एबीसीडी गिरवली. पुढच्या दोन वर्षांत एक गोष्ट पक्की झाली: क्रियापदाला ‘ईडी’ लावला की भूतकाळ. वॉक्ड, प्लेड, ओपन्ड. परक्या भाषेतला एक नियम आपल्या हाती लागला, याचा केवढा आनंद होता! आणि मग धड्यात ‘वेंट’ आलं. मी वहीत ‘गोएड’ लिहिलं होतं, त्यावर लाल रेघ आली. नियम पाळूनही चूक, हे मला फार लागलं. मी बाईंना तसं सांगितलं.

बाईंनी फळ्यावर ‘जाणे’ लिहिलं आणि म्हणाल्या, ‘याचा भूतकाळ सांग.’

‘गेला.’

‘जाला का नाही?’

वर्ग गप्प. मग त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. करणे? केला. मरणे? मेला. येणे? आला. होणे? झाला. देणे, घेणे, खाणे? दिला, घेतला, खाल्ला. मग म्हणाल्या, ‘बसला, उठला, चालला हे तुमचे ईडीवाले. आणि हे बाकीचे? हे तुमच्याकडून कोणी पाठ करून घेतले?’ कोणीच नाही. घरी माझी धाकटी बहीण ‘मी करलं’ म्हणायची आणि आई भाकरी थापता थापता ‘केलं म्हणावं’ एवढंच सांगायची. तो आमचा तक्ता. इंग्रज आईबापांची लहान मुलंसुद्धा बोलायला शिकताना ‘गोएड’ म्हणतात, हे बाईंनी सांगितल्यावर माझ्या वहीतली लाल रेघ मला टोचेनाशी झाली.

‘वेंट’ मुळात ‘गो’चं नाहीच. ‘वेंड’ नावाचं एक वेगळं क्रियापद होतं, वळणे, वाट धरणे अशा अर्थाचं. त्याचा भूतकाळ ‘गो’ने घेतला आणि ‘गो’चा स्वतःचा जुना भूतकाळ हरवला. आपलंही तसंच झालंय. ‘जाणे’ संस्कृतातल्या ‘या’ धातूकडून आलं आणि ‘गेला’ आलं ‘गत’कडून. दोन घरची रूपं एका क्रियापदात नांदतात. भिंतीपलीकडून येणाऱ्या त्या आवाजाचा आपल्या इंग्रजीच्या तासाशी असा संबंध लागेल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

मग धीर देणारी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती मी आजही नव्या मुलांना सांगतो. आपण म्हणतो भात खाल्ला, पोळी खाल्ली, केळं खाल्लं, पोहे खाल्ले, पोळ्या खाल्ल्या. इंग्रजीत या सगळ्याला एकच ‘एट’. गेलो, गेलीस, गेला, गेल्या, सगळ्यांना मिळून एक ‘वेंट’. एवढी रूपं न अडखळता बोलणाऱ्या मुलांनी तीन रकान्यांना का घाबरावं?

पण हीच क्रियापदं वाकडी का राहिली? हा प्रश्न माझा होता, आणि उत्तर देताना बाईंनी माझ्याच घरात हात घातला. माझे वडील, आमचे अण्णा, नाशिकच्या भांडी बाजारात एका दुकानात तराजूवर बसायचे. लोक जुनं तांबं-पितळ मोडीत घालायला आणायचे. बाईंनी विचारलं, ‘मोडीत काय येतं रे? रोजचा पाण्याचा हंडा येतो का?’ मी म्हटलं, ‘नाही बाई, माळ्यावरचं येतं. ज्याची आठवण उरलेली नसते ते.’ त्या म्हणाल्या, ‘भाषेतही तसंच. रोज लागणारी क्रियापदं कोणी मोडीत घालत नाही, त्यांचे जुने घाट तसेच राहतात. क्वचित लागणाऱ्यांचं जुनं रूप लोक विसरतात आणि ईडीचं नवं भांडं घेऊन येतात.’ ‘हेल्प’चा भूतकाळ एके काळी ‘होल्प’ होता म्हणे, आज ‘हेल्प्ड’.

खूप वर्षांनी, २००७ साली हार्वर्डच्या संशोधकांनी हेच मोजून दाखवलं. जुन्या इंग्रजीतली १७७ अनियमित क्रियापदं त्यांनी घेतली. मध्ययुगीन इंग्रजीत त्यांतली १४५ अनियमित उरली होती, आज ९८ आहेत. आणि जी जास्त वापरात, ती जास्त टिकली. ते वाचलं तेव्हा अण्णा हयात नव्हते. असते तर त्यांना वाचून दाखवलं असतं.

‘आय डिड नॉट वेंट’ ही आम्हा सगळ्यांची चूक. बाई म्हणायच्या, ‘रविवार कारंजावरून भाजी आणताना पिशवी एकानेच धरायची ना? भूतकाळाची पिशवी डिडने उचलली आहे. गोचे हात मोकळे राहू देत.’ पुन्हा ती चूक माझ्या हातून झाली नाही.

पावसाळ्यात त्यांनी ‘गोदावरीचा पूर’ या विषयावर दहा ओळी लिहायला दिल्या. नाशिककराला पुराचं माप शिकवावं लागत नाही. पाणी गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलं की छातीला, यावरून घरोघर अंदाज बांधला जातो. ‘द वॉटर केम अप टू हिज वेस्ट’ बहुतेकांनी बरोबर लिहिलं. ‘राइज’चं ‘रोज’ आणि ‘फॉल’चं ‘फेल’ही जमलं. पण निम्म्या वर्गाने नदीला ‘फ्ल्यू’ लिहिलं, म्हणजे गोदावरी उडाली. ‘फ्लाय’चं फ्ल्यू, फ्लोन, ‘फ्लो’ मात्र साधं, नियमात बसणारं, फ्लोड. बाईंनी ते दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी लिहिले आणि आठवडाभर पुसू दिले नाहीत.

कट-कट-कट, पुट-पुट-पुट ही मंडळी सोपी म्हणून आम्ही त्यांच्याकडे दुर्लक्ष करायचो. बाई तिथेच थांबवायच्या. ‘ही कट्स’ म्हणजे तो कापतो आणि ‘ही कट’ म्हणजे त्याने कापलं. शेवटचा एस गेला की काळ बदलला. ‘रीड’ तर लिहायला तिन्ही वेळा एकच, वाचताना मात्र रीड, रेड, रेड.

मी पुढे आयटीआय करून सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत देखभाल विभागात लागलो आणि तीस वर्षं तिथेच काढली. यंत्र बंद पडलं की काय झालं, काय सापडलं, काय केलं, हे लॉगबुकात इंग्रजीत लिहायचं असतं. सगळा भूतकाळ, आणि निम्मा या तक्त्यातला. बेल्ट ब्रोक. फ्यूज ब्ल्यू. शाफ्ट बेंट. वी फाउंड, वी टुक आउट, वी केप्ट अंडर ऑब्झर्वेशन. जळालेली मोटर पुन्हा भरली की ‘रिवाउंड’. नवी मुलं ‘रिवाइंडेड’ लिहितात, मी बदलून घेतो. ओतकामाचं कास्ट-कास्ट-कास्ट हे कटच्या घरातलं.

सगळ्यात जास्त घोळ ‘ग्राउंड’चा. एकदा एक शिकाऊ मुलगा ड्रॉइंग घेऊन आला. शाफ्टच्या एका भागाकडे बाण होता आणि लिहिलं होतं, ‘टू बी ग्राउंड’. त्याने विचारलं, ‘साहेब, इथे अर्थिंग कुठून जोडायचं?’ इलेक्ट्रिकलमध्ये ग्राउंड म्हणजे अर्थिंग, हे त्याला माहीत होतं. त्याचं तर्कशास्त्र माझ्या ‘गोएड’सारखंच सरळ होतं. मी त्याला बसवलं आणि कागदावर लिहिलं: ग्राइंड, ग्राउंड, ग्राउंड. फाइंड, फाउंड, फाउंड. वाइंड, वाउंड, वाउंड. हा भाग ग्राइंडिंग करून, म्हणजे घासून, घ्यायचा आहे. मग त्याच कागदावर खाली ‘जाणे’ लिहिलं आणि त्याला भूतकाळ विचारला.

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या प्रदर्शनासाठी जुन्या वह्या मागवल्याचं कळलं, तेव्हा सातवीतली तक्त्याची वही मी आणून दिली आहे. तीन रकाने, बाईंची लाल शाई आणि एका पानावर अण्णांच्या दुकानातला पितळी धुळीचा डाग आहे. शेवटच्या दोन पानांवर निळ्या बॉलपेनने लिहिलेली क्रियापदं सातवीतली नाहीत. ती मी कारखान्यात, रात्रपाळीला भरली.