तुम्ही विचारलंत म्हणून : त्या ठरावाखाली सूचक म्हणून माझे नाव कसे?

दुसऱ्या पक्षाच्या पालकमंत्र्यांच्या अभिनंदनाचा ठराव मी मांडला, त्याबद्दलचा हा प्रश्न मला गेली काही वर्षे लग्नाच्या पंगतीत, बाजार समितीच्या ओट्यावर, दशक्रियेला घाटावर, कुठेही विचारला जातो. विचारणाऱ्यांत माझ्या पक्षाचे लोक असतात, तसेच ज्यांचे अभिनंदन झाले त्यांच्या पक्षाचेही असतात. पहिले रागाने विचारतात, दुसरे हसून विचारतात, आणि हसून विचारणाऱ्यांना उत्तर देणे मला अधिक जड जाते. म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकत आहे. गावाचे, जिल्ह्याचे आणि माणसांचे नाव लिहिणार नाही. तापीच्या खोऱ्यातील ‘क’ वर्गाची एक नगरपरिषद, एवढे पुरे.

ठराव साधा होता. आम्ही 2016 च्या निवडणुकीत ज्या पक्षाच्या चिन्हावर निवडून आलो, तोच पक्ष तेव्हा राज्यात सत्तेवर होता आणि 28 नोव्हेंबर 2019 ला नव्या सरकारचा शपथविधी झाल्यावर तो विरोधी बाकांवर गेला. त्यानंतर जानेवारी 2020 मध्ये आमच्या नगरपरिषदेने विशेष सभा बोलावली. विषय क्रमांक 1 : नवनियुक्त पालकमंत्री महोदयांच्या अभिनंदनाचा ठराव. विषय क्रमांक 2 : बाजारामागच्या नाल्याच्या दोन्ही काठांना संरक्षक भिंत बांधण्याच्या कामावरील स्थगिती उठवण्याची विनंती. दोन्ही विषयांचा सूचक मी. बांधकाम समितीचा सभापती मी असल्यामुळे दुसऱ्या विषयाला मी सूचक असणे स्वाभाविकच होते. विचारले जाते ते पहिल्याबद्दल.

मला कोणी भरीस घातले, असा अनेकांचा समज आहे, आणि खरे सांगायचे तर तो समज माझ्या सोयीचा आहे. पण तसे घडलेले नाही. नगराध्यक्ष चाचरत होते, उपाध्यक्षांना ऐनवेळी बाहेरगावचे काम निघाले होते, आणि मुख्याधिकारी एवढेच म्हणाले की सूचकाशिवाय विषय पुढे जाणार नाही. तेव्हा माझे नाव घाला, असे मीच सांगितले.

आता ते काम अडकले कुठे होते ते पाहा, कारण सगळा प्रश्न तिथेच आहे. नगरपरिषदेच्या कामाला आधी प्रशासकीय मान्यता लागते, मग तांत्रिक मान्यता, मग निविदा, आणि सर्वांत शेवटी ठेकेदाराच्या हातात कार्यारंभ आदेश पडतो. आमची भिंत निविदेपर्यंत पोहोचली होती, तेवढ्यात 21 सप्टेंबर 2019 ला विधानसभेची आचारसंहिता लागली. महिनाभराने मतदान झाले, निकाल लागला, राष्ट्रपती राजवट आली, आणि नवे सरकार स्थापन झाल्यावर, मागच्या सरकारने मंजूर केलेली पण कार्यारंभ आदेश न निघालेली कामे जागच्या जागी थांबवावीत, असे पत्र आले. ‘स्थगिती सरकार’ हा शब्द आमच्याच लोकांनी तेव्हा विधानसभेत आणि चौकाचौकांत गाजवला. त्याबद्दल पुढे लिहितो.

पैसा कोणत्या वाटेने येतो यावर त्यासाठी वाकावे लागते की नाही हे ठरते, ही गोष्ट विचारणारे लक्षात घेत नाहीत. वित्त आयोगाचा पैसा सूत्राने येतो. लोकसंख्या, क्षेत्रफळ असे निकष असतात आणि त्यासाठी कोणाला हार घालावा लागत नाही. 1999 मध्ये नगरपालिकांची जकात गेली आणि त्या बदल्यात सहायक अनुदान सुरू झाले, ते पगारातच संपते, पण येते. मात्र भिंत, पूल, नाट्यगृह असे काही मोठे करायचे म्हटले की नगरविकास विभागाच्या वैशिष्ट्यपूर्ण योजनेकडे किंवा जिल्हा नियोजन समितीकडे हात पसरावे लागतात, आणि तिथे सूत्र नसते, मर्जी असते. जिल्हा नियोजन समितीत चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांतून यावेत असे संविधानाच्या 243 य-घ अनुच्छेदात लिहिलेले आहे. परंतु अध्यक्ष पालकमंत्री असतात, आणि पालकमंत्री बदलले की कोणत्या तालुक्याला काय, याची सगळी मांडणी बदलते. नंदुरबारकरांना विचारा. जानेवारी 2020 पासून पाच वर्षांत के. सी. पाडवी, विजयकुमार गावित, अनिल पाटील आणि माणिकराव कोकाटे असे चार पालकमंत्री त्यांनी पाहिले.

खानदेशाचे आणखी एक दुखणे आहे. 1994 मध्ये विकासातली तूट, म्हणजे अनुशेष, भरून काढण्यासाठी वैधानिक विकास मंडळे झाली तेव्हा विदर्भाला आपले मंडळ मिळाले, मराठवाड्याला मिळाले, आणि आम्हाला मुंबई-पुण्याबरोबर ‘उर्वरित महाराष्ट्रात’ बसवले. मुंबई-पुण्याच्या सरासरीत अक्कलकुवा आणि शिंदखेड्याचा अनुशेष दिसणार कसा? तीही मंडळे 30 एप्रिल 2020 ला मुदत संपून गेली. थोडक्यात, ‘हा आमचा हक्काचा निधी आहे’ असे ज्या कागदावर बोट ठेवून म्हणता येईल, असा कागद आमच्या नगरपरिषदेकडे नव्हता.

सभेबद्दल लिहितो. सभागृहात सभापटल विभागाच्या लिपिकाने विषय वाचला : ‘मा. महोदयांनी पालकमंत्री पदाचा कार्यभार स्वीकारल्याबद्दल ही सभा त्यांचे मनःपूर्वक अभिनंदन करीत असून, त्यांच्या कुशल नेतृत्वाखाली शहराचा सर्वांगीण विकास होईल असा विश्वास व्यक्त करीत आहे.’ मी उठून ‘मी सूचना मांडतो’ म्हणालो. अनुमोदकही उठले. मग दुसऱ्या रांगेतून अप्पा उठले.

अप्पा म्हणजे ज्यांनी मला पक्षात आणले, माझ्या पहिल्या निवडणुकीत माझ्याआधी मतदारयाद्या पाठ केल्या आणि मी सभापती झालो त्या दिवशी माझ्या आईला घरी येऊन पेढा दिला, ते. पक्षाला गावात चार मते नव्हती तेव्हापासूनचे ते कार्यकर्ते. त्यांनी आवाज चढवला नाही. ‘अध्यक्ष महोदय, सूचकांनी सभागृहाला सांगावे, अभिनंदन नेमके कशाबद्दल?’ एवढेच विचारले.

मी म्हणालो, ‘पदभार स्वीकारल्याबद्दल.’

सभागृह हसले. माझ्या बाजूचे हसले, समोरचे हसले, दाराशी उभे असलेले दोन शिपाईही हसले. अप्पा हसले नाहीत. ते म्हणाले की विनंतीला त्यांचा पाठिंबा आहे, विषय क्रमांक 2 वर ते सर्वांत आधी हात वर करतील, कारण भिंत गावाची आहे. पण मागणी करण्याआधी अभिनंदन करावे लागत असेल, तर ती मागणी राहत नाही, आणि तेवढ्यापुरता त्यांचा विरोध नोंदवून घ्यावा. लिपिकाने नगराध्यक्षांकडे पाहिले. नगराध्यक्षांनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली आणि विरोध नोंदवला गेला. पहिला ठराव एका मताच्या विरोधासह बहुमताने, दुसरा एकमताने.

सभा संपल्यावर जिन्यात अप्पा थांबले होते. सभागृहात ते नेहमी शुद्ध बोलत. जिन्यात अहिराणीत बोलले. ‘हाई तूच लिखं का?’ मी हो म्हणालो. वस्तुतः मसुदा मी लिहिलेला नव्हता, शेजारच्या नगरपरिषदेच्या लिपिकाकडून मागवून त्यात आमच्या गावाचे नाव घातले होते. पण त्या क्षणी ‘नाही, मी फक्त उतरवून घेतला’ असे म्हणणे मला अधिक हलके वाटले. त्या रात्री एका सदस्याच्या मळ्यात भरीत आणि कळण्याच्या भाकरीचा बेत होता. अप्पा आले नाहीत, आणि त्यानंतर माझ्या घरीही आले नाहीत. भेटलो की नमस्कार होतो. ‘भाऊ’ ऐवजी ‘साहेब’ म्हणतात.

ठरावाच्या प्रती घेऊन आम्ही शासकीय विश्रामगृहावर गेलो. बाहेरच्या खोलीत टेबलावर अशाच ठरावांचा गठ्ठा होता आणि स्वीय सहायकांनी आमची प्रत वर ठेवताना तो सरकला. खालच्या दोन-तीन प्रतींवर ‘कुशल नेतृत्वाखाली’ तेच होते, ‘सर्वांगीण विकास’ तोच होता, आणि मसुद्यात एके ठिकाणी राहिलेली ‘विश्वास’ची ‘विश्वसा’ ही चूकसुद्धा तशीच होती. आमच्या प्रतीत ती मी दुरुस्त करून घेतली होती. त्या गठ्ठ्यात सगळ्या पक्षांच्या नगरपरिषदा होत्या. मला तेव्हा लाज वाटली नाही, हे प्रामाणिकपणे लिहितो. उलट धीर आला. जे सगळेच करतात ती लाचारी नसून कार्यपद्धती आहे, असे मी स्वतःला सांगितले, आणि आजही ते सर्वस्वी खोटे आहे असे मला वाटत नाही.

स्थगिती मार्चच्या सुरुवातीला उठली. ठरावामुळे उठली का, हे मी सांगू शकत नाही. त्याच सुमारास इतरही कामांची उठली होती, त्यांत ठराव न करणाऱ्या गावांची कामेही असतील. कार्यारंभ आदेश निघाला, ठेकेदाराने बाजाराकडच्या काठाचा पाया घेतला, आणि टाळेबंदी आली. 4 मे 2020 च्या वित्त विभागाच्या निर्णयाने विकासकामांसाठी वर्षभरात 33 टक्केच निधी मिळणार असे ठरले. बाजाराकडची भिंत कशीबशी उभी राहिली. पलीकडच्या काठाची, जिथे भिल्ल वस्ती आहे, ती राहिली. आता पावसाळ्यात नाल्याचे पाणी बाजाराच्या बाजूला थोपते आणि पूर्वी दोन्हीकडे पसरायचे ते सगळे वस्तीत शिरते. वस्तीतल्या एका आजीने मला विचारले की कोणाकडेच भिंत नव्हती तेव्हाच बरे होते, नाही का? सूचकाचा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी कोणी हा प्रश्न विचारत नाही, याचे मला नवल वाटते.

2016 च्या प्रचारात मी स्वतः काय बोललो होतो, तेही लोक आठवण करून देतात. ‘गावाचा पैसा हात जोडून आणायचा नसतो’ असे मी चावडीवरच्या सभेत म्हणालो होतो आणि टाळ्या घेतल्या होत्या. त्या वेळच्या मला मी विचारतो की बाबा रे, तेव्हा वरही आपलेच सरकार होते, तुला हात जोडावे लागत नव्हते, एक फोन पुरत होता. तो म्हणतो, म्हणजे तेव्हा हक्क नव्हता, ओळख होती. मग ओळख गेल्यावर तक्रार कसली? याला माझ्याकडे उत्तर नाही. पण तो भिंतीबद्दल काही बोलत नाही, एवढे मीही त्याला ऐकवतो.

कोर्टात का गेला नाहीत, असाही एक पोटप्रश्न असतो. जाता आले असते. पुढे 2022 मध्ये तशाच स्थगितीविरुद्ध अनेक जण गेलेही. परंतु त्यासाठी सर्वसाधारण सभेचा ठराव हवा, वकिलाच्या खर्चाची तरतूद हवी, आणि 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम 308 खाली जिल्हाधिकाऱ्यांनी तोच ठराव तहकूब केला तर त्याविरुद्ध पुन्हा वेगळी लढाई. सफाई कामगारांचे पगार वेळेवर होतील की नाही याची चिंता करणाऱ्या नगरपरिषदेला असे सल्ले देणे फार सोपे असते.

आता ‘स्थगिती सरकार’बद्दल. पलीकडच्या काठाची भिंत 2021-22 मध्ये पुन्हा मंजूर झाली होती, त्याच सरकारकडून ज्यांचे मी अभिनंदन केले होते. 30 जून 2022 ला सरकार बदलले, माझा पक्ष पुन्हा सत्तेत आला, आणि जुलैमध्ये, 1 एप्रिल 2021 नंतर मंजूर झालेल्या पण सुरू न झालेल्या कामांना स्थगिती मिळाली. त्यात आमची भिंतही होती. आमच्याच लोकांनी आमचीच भिंत थांबवली, आणि या वेळी मागणी करायला सभागृहच नव्हते, कारण मुदत संपून नगरपरिषदेवर प्रशासक बसले होते. मी माजी सभापती म्हणून एक अर्ज घेऊन गेलो. पक्षातल्या एका तरुण पदाधिकाऱ्याने तो वाचून विचारले, ‘काका, हे काम त्यांच्या काळातले ना?’ स्थगिती पुढे उठली, पण तोवर दरसूची बदलली होती, अंदाजपत्रक सुधारित करा म्हणून प्रस्ताव परत आला, आणि तो कोणाच्या टेबलावर आहे हे विचारायला ज्याच्याकडे जावे असा निवडून आलेला माणूस गावात उरला नव्हता. या काळात नालाकाठासाठी कोणी कोणाचे पाय धरले असतील, तर ते कोणत्याही इतिवृत्तात नाही. निदान माझे तरी इतिवृत्तात आहे.

डिसेंबर 2025 मध्ये निवडणुका झाल्या आणि सभागृह पुन्हा भरले. नव्या सदस्यांपैकी एक जण जुन्या ठरावाचा मसुदा मागायला माझ्याकडे आला होता. मी दिला. विषय क्रमांक 2 आधी घ्या, असेही सुचवले. तो म्हणाला, लिपिक म्हणतात क्रम असाच असतो.

ज्यांना माझे नाव पाहून प्रश्न पडतो, त्यांनी त्या सभेच्या इतिवृत्ताची पूर्ण प्रत माहिती अधिकारात मागवावी. अर्जाला दहा रुपयांचे तिकीट लागते, प्रतीला पानामागे दोन रुपये. अप्पांचा विरोध त्यात नोंदवलेला आहे, तो नोंदवून घ्यायला कोणी मान हलवली ते मात्र लिहिलेले नाही. प्रत हातात घेऊन या, मग हवे तेवढे बोलू.