तुम्ही विचारलंत म्हणून: ‘द बॅट’ का पाडला?

“अपघात झाला होता ना?” अमेरिकेत ओहायोतल्या किंग्ज आयलंड या करमणूक उद्यानाच्या ‘द बॅट’ या रोलर कोस्टरचं नाव निघालं की हा प्रश्न ठरलेला. नाही हो. तो सतत बंद पडून गेला. १९८१ ते १९८३, जेमतेम तीन हंगाम.

रूळ डोक्यावर, डबा खाली लोंबता आणि दोन्ही बाजूंना मोकळा झुलणारा. आधुनिक सस्पेंडेड कोस्टरांतला हा पहिला, ॲरो कंपनीचा. डबा आपसूक झुलतोच, मग रूळ कशाला कलता करायचा, असा हिशेब झाला आणि वळणांवरही रूळ सपाट राहिले. खरी मेख इथेच आहे.

डबा झुलला की बसणाऱ्याला वळण बोचत नाही, हे खरं. पण रुळाला बोचतंच. नुसतं उदाहरण म्हणून २० मीटर त्रिज्येचं वळण आणि ताशी ५० किमी वेग धरा. बाहेर ओढणारा जोर जवळपास वजनाएवढा भरतो, डबा ४५ अंशांच्या आसपास कलतो. रूळ तेवढाच कलता असेल तर हा भार मुख्य चाकं घेतात. सपाट रुळावर तो बाजूच्या चाकांवर येतो, तिथून रुळावर आणि खांबांवर. शिवाय डबा एकदम वळणात शिरला की ४५ अंशांवर थांबत नाही, पुढे जाऊन परत येतो. तो झोका आवरायचा शॉक ॲब्सॉर्बरने. कलत्या रुळाने यातलं बरंच काम स्वतः केलं असतं. इथे प्रत्येक वळणात सगळा मार त्या शॉक ॲब्सॉर्बरवर. ते झिजणारच.

घाटातल्या रस्त्यालाही वळणावर बाहेरची कड उचललेली असते, मग ॲरोला हे कळलं नाही? १९५९ला डिस्नेलँडच्या मॅटरहॉर्न कोस्टरचे पोलादी नळीचे रूळ याच कंपनीने केले होते! घाई नडली, असं मी पूर्वी ठणकावून सांगायचो. आता तेवढा जोर लावत नाही, कारण समोर तयार नमुना नव्हता. तरी बाजूच्या चाकांवरचा भार कागदावर काढता येत होता, हे मनातून जात नाही.

दुरुस्त का केला नाही? वळणाची नळी नव्याने वाकवायची, आधाराचे हात बदलायचे, झुलत्या डब्याला खांबापासून जागा पुन्हा सोडायची, म्हणजे नवाच कोस्टर. तो झाला, पण दुसरीकडे: १९८४ला व्हर्जिनियातल्या बुश गार्डन्स उद्यानात ‘बिग बॅड वुल्फ’, कलत्या वळणांचा. तो २००९पर्यंत चालला.

बॅटचं स्टेशन १९८७ला ‘व्हॉर्टेक्स’ या दुसऱ्या कोस्टरने वापरलं. आणि किंग्ज आयलंडच्या ज्या कोस्टरचे फोटो पाठवून तुम्ही “हा तर चालू आहे” म्हणता, तो १९९३चा. २०१४ला त्याला ‘द बॅट’ हे नाव दिलं, एवढंच.