एकाकी झुंज

लोकलमध्ये समोरच्याने पेपर उघडला की पहिलं पान त्याचं, मागचं आपलं. मागे बहुधा क्रिकेट असतं. कालची मॅच आपण डोळे ताणून पाहिलेली असते, निकाल ठाऊक असतो, तरी मान वाकडी करून वाचतोच. कारण टीव्हीवर फलंदाज नुसता आउट होतो. पेपरात तो भोपळाही न फोडता तंबूत परततो. मधली फळी कोसळते, तळाचे गडी किल्ला लढवतात, आणि पानिपत तर दर मोसमात होतंच. उधळपट्टीच म्हणायची ही. 19 डिसेंबर 2020 ला अ‍ॅडलेडला आपला डाव 36 धावांत आटोपला, तेव्हा धुव्वा, दाणादाण, लोटांगण हे सगळे शब्द किरकोळ पराभवांवरच खर्च झालेले होते!

जिथे कॅमेरा नसतो, तिथे या भाषेचा खरा कस लागतो. फेब्रुवारी 1988 मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शिल्ड या शालेय स्पर्धेच्या सामन्यात शारदाश्रमच्या सचिन आणि विनोदने 664 धावांची अभेद्य भागीदारी केली. प्रत्यक्ष पाहणारे मोजकेच असतील, पण पेपरात वाचून ती रंगवून सांगणारे मुंबईत गल्लोगल्ली भेटतात.

वि. वि. करमरकरांनी महाराष्ट्र टाइम्समध्ये खेळाच्या पानाला वजन आणलं, कबड्डी-खोखोलाही हक्काची जागा दिली. मी आजही आधी त्या पानाचा खालचा कोपरा गाठतो. प्रभादेवी, लालबागकडची कबड्डी. मध्यंतराला पिछाडी, उत्तरार्धात खोलवर चढाया, मग समोरचा अख्खा संघ बाद करून लोण, शेवटच्या मिनिटात एक पकड आणि सामना फिरला. ठरलेला साचा आहे, मान्य. पण शेवटी एक ओळ हमखास असते: पराभूत संघाकडून अमुकची एकाकी झुंज अपुरी पडली. निवडणुकीत डिपॉझिट गेलेल्या उमेदवाराला ही माया कुणी दाखवत नाही.

आमच्या चाळीतल्या एका पोराचं नाव एकदा त्या ओळीत आलं. संघ सपाटून हरला होता. पण वडिलांनी सकाळीच नाक्यावरच्या स्टॉलवरचे उरलेले सगळे अंक उचलले. छापताना आडनावाची वेलांटी चुकली होती. ती प्रत्येक अंकात निळ्या पेनाने दुरुस्त करून मगच त्यांनी ते गावाकडच्या पाहुण्यांना धाडले.