डेडस्टॉकला नोंद असलेले स्पीकर

अमळनेरला माझं रिपेअरिंगचं दुकान. मिक्सर, टीव्ही, इन्व्हर्टर, उन्हाळ्यात कूलरच्या मोटारी, यावर घर चालतं. पण मन रमतं ते आवाजाच्या कामात. आणि असं काम हल्ली कमीच येतं, कारण बिघडलं की लोक नवीन ब्लूटूथ स्पीकर आणतात.

पारोळा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या मॅडम जुना कॉम्प्युटरचा होम थिएटर घेऊन आल्या. लाकडी पेटीतला वूफर, म्हणजे खालच्या जाड आवाजाचा मोठा स्पीकर, आणि दोन छोटे स्पीकर. पेटीवर ऑइलपेंटनं लिहिलेलं, ‘ग्रामस्थांकडून सप्रेम भेट’. गावानं वर्गणी काढून कॉम्प्युटर दिला होता, तो केव्हाच गेला, हे उरले. मी नवीन घ्यायचं सुचवल्यावर मॅडम म्हणाल्या, “भाऊ, डेडस्टॉकला, शाळेच्या सामानाच्या वहीत, नोंद आहे, फेकता येत नाही. आणि गावानं दिलेलं आहे.”

त्यांनी पोरांच्या आज्यांकडून अहिराणी ओव्या मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतल्या होत्या. वर्गात त्या ऐकवायच्या, कविताही चालीत लावायच्या, एवढ्यासाठी सगळं. आधी एका रिपेअरिंगवाल्या पोरानं दुरुस्ती केली होती आणि तक्रार मोठी विचित्र होती. ओव्या वाजतात, पण आजी मडक्यात तोंड घालून गातेय असं वाटतं. आणि कवितेचं गाणं लावलं की आवाज येतो, जातो, येतो, जातो. त्या पोरानं निदान केलं होतं, ‘फाइल खराब आहे.’ फाइल मी माझ्या टेबलावरच्या स्पीकरवर लावली. ठणठणीत होती.

पेटी उघडली. मूळच्या बोर्डात आवाजाला ताकद देणारे टीडीए 2030 आयसी होते. एके काळी अशा निम्म्याअधिक सेटमध्ये हेच असायचे. पेटीवर हजारो वॉट पीएमपीओचं, म्हणजे जाहिरातीपुरत्या फुगवलेल्या ताकदीचं, स्टिकर आणि आत पन्नास वॉटही न देणारा ट्रान्सफॉर्मर. त्या आकड्यांनी गिऱ्हाइकाची वर्षानुवर्षं फसवणूक झाली. पण आयसी चांगला होता. दोष एवढाच, की घेतलेल्या विजेतला मोठा वाटा तो उष्णता म्हणून टाकतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो, शाळेवर पत्रा, त्यात बंद पेटी. कंडेन्सर फुगले होते, पॉवरच्या बाजूची पट्टी काळी पडून ट्रॅक उठले होते. तिथे नवा 2030 बसवण्यात अर्थ नव्हता, बाजारात आता मिळतो तो बहुतेक डुप्लिकेट.

त्या पोरानं टीपीए 3116 चिपचे दोन नवे बोर्ड बसवले होते, एक दोन चॅनेलचा छोट्या स्पीकरांना, एक वूफरला. निवड उत्तम. ही क्लास डी चिप, जवळजवळ 90 टक्के वीज स्पीकरपर्यंत पोचवते. सोल्डरिंगही स्वच्छ. त्यानं पॉवर 12 व्होल्ट 5 अँपिअरच्या अॅडॉप्टरवरून घेतली होती, तेही बरोबर. 21 व्होल्ट दिले तर हीच चिप चार ओहमच्या स्पीकरवर चॅनेलमागे 50 वॉट काढते आणि तीन इंची कोनाची, म्हणजे स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याची, कॉइल जाळून टाकते. 12 व्होल्टला पंधराएक वॉट मिळतात, जुन्या आयसीइतकेच.

मग घोटाळा कुठे? छोट्या स्पीकरांच्या वायरीत. ह्या जुन्या सेटमध्ये दोन्ही स्पीकर एकाच जॅकवर येतात आणि तिथे वायरी तीनच असतात: डाव्याचा प्लस, उजव्याचा प्लस आणि दोघांचा मिळून एक मायनस. जुन्या आयसीला ते चालायचं, कारण मायनस म्हणजे ग्राउंड, शून्य व्होल्टची वायर. नव्या चिपमध्ये मायनस ग्राउंड नसतो. प्रत्येक चॅनेलच्या दोन्ही वायरी जिवंत असतात. आवाज बंद ठेवून ग्राउंड आणि त्या ‘मायनस’मध्ये मीटर लावा, साधारण सहा व्होल्ट दिसतात. असे दोन मायनस एकत्र बांधले, की डाव्या-उजव्याला एकच आवाज आहे तोवर भागतं. मोबाइलवर रेकॉर्ड केलेली ओवी मोनो, दोन्हीकडे एकच, म्हणून ती वाजायची. कवितेचं गाणं स्टिरिओ, डावं-उजवं वेगळं. दोन्हीकडे वेगळं वाद्य आलं की दोन आउटपुट एकमेकांना ओढायला लागतात, चिप शॉर्ट समजून स्वतःला बंद करते आणि क्षणभरानं पुन्हा सुरू होते. चिप इमानदार होती, दोष फाइलवर गेला.

मी तो जॅक काढला, दोन्ही स्पीकरांना दोन-दोन वायरी स्वतंत्र ओढल्या. दीड व्होल्टचा सेल लावून कोन बाहेर येतो की आत जातो ते पाहिलं, प्लस-मायनस पक्के केले. कविता सलग वाजली.

मडकं मात्र तसंच होतं, कारण वूफरच्या बोर्डाला त्यानं सरळ मोबाइलचा पूर्ण आवाज दिला होता. बाईचा आवाज साधारण 200 हर्ट्झपासून वर. वूफरला तो द्यायचाच नसतो, त्याला त्याखालचं तेवढं. ही वाटणी जुन्या बोर्डावरचा 4558 हा आठ पायांचा आयसी आणि भोवतीचे चार-सहा कंडेन्सर करत होते. खालचं वूफरला, उरलेलं छोट्यांना. आणि तेही ह्याच पेटीच्या, ह्याच कोनांच्या मापानं. नशीब, त्यानं जुनं बोर्ड वायरी तोडून पेटीतच ठेवलं होतं. पॉवरची बाजू जळलेली, पण ही बाजू शाबूत. जुना ट्रान्सफॉर्मर फक्त 4558 पुरता ठेवला, सुकलेले कंडेन्सर बदलले, तिथून निघणारा आवाज त्याच्याच नव्या बोर्डांना दिला. गेन, म्हणजे आवाज किती पट वाढतो ते, जास्त होत होता, मागे सूंऽऽ येत होतं, म्हणून इनपुटला रेझिस्टन्सची जोडी टाकली. ग्राउंड एकाच ठिकाणी जोडला, नाहीतर गुणगुण सुरू होते.

ओवी लावली. जात्याची घरघर खाली वूफरमध्ये गेली आणि आजीचा आवाज समोर आला, शब्द न् शब्द. मॅडमनी ती ओवी पुन्हा लावायला सांगितली.

मजुरी घेताना जरा अवघड वाटलं. अर्धा दिवस गेला होता आणि तेवढ्या पैशात छोटा ब्लूटूथ स्पीकर येतो. पण तीस-पस्तीस पोरांच्या वर्गात शेवटच्या ओळीपर्यंत त्याचा आवाज स्वच्छ पोचत नाही, हे मी खात्रीनं सांगतो.

डोक्यातून जात नाही ते वेगळंच. चिप तीच, बोर्ड तेच, अॅडॉप्टर तोच. त्या पोराचा हात माझ्यापेक्षा सफाईदार आहे. पण त्याला कोणी शिकवलंच नाही की जुनं बोर्ड म्हणजे निव्वळ ताकद नसते. व्हिडिओत दाखवतात, जुनं उपटा, नवं चिकटवा, झालं. कोर्समध्येही बोर्ड बदलायला शिकवतात, सर्किट वाचायला नाही. मग असे कितीतरी सेट ‘स्पीकरच गेले’ म्हणून भंगारात जातात आणि त्यांचे कोन धडधाकट असतात.

पेटीच्या आत मार्करनं लिहून ठेवलं आहे: ‘स्पीकरचे दोन्ही मायनस वेगळे. एकत्र जोडू नये.’ त्या पोरालाही मॅडमकडून नंबर घेऊन फोन केला. आधी गप्प झाला, मग विचारलं, “दादा, सहा व्होल्ट कुठे मोजायचे?” येत्या बाजाराला दुकानात येतो म्हणालाय. दुसरा एक असाच सेट बाजूला काढून ठेवलाय, तो त्यालाच उघडायला देणार आहे.