डीडब्ल्यूजी उघडत नाही? पहिली सहा अक्षरं बघा

जळगाव एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशनवाल्याचा फोन येतो, "भाऊ, फाईल उघडत नाही, 'ड्रॉइंग फाईल इज नॉट व्हॅलिड' म्हणते." बहुतेक वेळा ती डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरची फाईल, खराब नसते. ती नव्या फॉरमॅटची असते आणि त्याच्याकडे ऑटोकॅड जुनं असतं.

डीडब्ल्यूजीचा फॉरमॅट दरवर्षी बदलत नाही. २०१३ ते २०१७ या सगळ्या आवृत्त्यांचा फॉरमॅट एकच. म्हणून २०१७ वर केलेली फाईल २०१३ वर उघडते, पण २०१८ ची २०१७ वर उघडत नाही. फाईलच्या नावातल्या सालावर विसंबू नका. नोटपॅडमध्ये फाईल उघडा, अगदी सुरुवातीला सहा अक्षरं दिसतील. एसी१०२४ म्हणजे २०१०, एसी१०२७ म्हणजे २०१३, एसी१०३२ म्हणजे २०१८. खालचा कचरा वाचू नका, आणि नोटपॅडमधून सेव्ह तर मुळीच करू नका, मग फाईल खरोखरच जाते.

उपाय पाठवणाऱ्याकडे सोपा आहे: 'सेव्ह ॲज'मध्ये २०१० निवडायचं. रोजचंच काम असेल तर ऑप्शन्समधल्या 'ओपन अँड सेव्ह' टॅबवर तेच कायम ठेवा. घेणाऱ्याला ऑटोडेस्क या ऑटोकॅडच्याच कंपनीचं फुकट डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यू पुरतं, ते फाईल जुन्या फॉरमॅटमध्ये बदलूनही देतं.

एक्सरेफ, म्हणजे एका ड्रॉइंगमध्ये जोडलेली दुसरी फाईल, असेल तर मात्र फसगत होते. मुख्य फाईल २०१० ची केली तरी जोडलेल्या फाईली २०१८ च्याच राहतात आणि समोरच्याला अर्धाच प्लॅन दिसतो. तिथे ईट्रान्समिट वापरा, ही ऑटोकॅडची कमांड जोडलेल्या फाईलींसकट सगळं एकत्र बांधून देते. सेटिंगमध्ये फॉरमॅट २०१० ठेवा आणि फॉन्टवर टिक करा. एनए (बिगरशेती) लेआउटवर गट नंबर, खातेदारांची नावं जुन्या मराठी फॉन्टात टाईप केलेली असतात. समोर तो फॉन्ट नसेल तर नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. सोबत पीडीएफ द्याच.

सर्व्हेवाल्याच्या सिव्हिल थ्रीडी (जमीन-रस्त्यांच्या कामाचं ऑटोडेस्कचं सॉफ्टवेअर) फाईलचा प्रश्न वेगळा. फॉरमॅट बरोबर असूनही साध्या ऑटोकॅडमध्ये कंटूर (समान उंचीच्या रेषा) गायब असतात किंवा हात लावता येत नाही, कारण त्या साध्या रेषा नसून प्रॉक्सी ऑब्जेक्ट, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या वस्तूंच्या जागी दिसणारी नुसती चित्रं, असतात. सर्व्हेवाल्याला आधी एक्सपोर्टटूऑटोकॅड ही कमांड चालवायला सांगा.

जुन्या प्लाझ्मा कटिंग मशीनला आर१२ डीएक्सएफ (जुन्या ऑटोकॅडच्या आवृत्तीचा, ड्रॉइंग देवाणघेवाणीचा फॉरमॅट) लागतं. त्यात स्प्लाइन (मुक्त वक्र) आणि एलिप्स (लंबवर्तुळ) मोडून पॉलीलाइन (जोडलेल्या छोट्या रेषा) होतात, म्हणून वळणाचा भाग झूम करून तपासल्याशिवाय पत्रा लावू नका.